एकाच भुलीत दोन ऑपरेशनं: मुलाचा हर्निया आणि टॉन्सिल एकदमच करून घ्यावं का?

गोदाकाठची मुक्ता

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याच्या उजव्या जांघेत हर्निया आहे. जोरात रडला किंवा खोकला की सुपारीएवढा फुगवटा येतो, आडवं झोपवलं की जातो. लहान मुलांच्या सर्जननी सांगितलंय की हा आपोआप बरा होत नाही, फार लांबवू नका.

दुसरीकडे घोरण्याचं दुखणं आहे. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो आणि दचकून कूस बदलतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. अ‍ॅडेनॉइडमुळे, म्हणजे नाकामागे वाढलेल्या मांसल गाठीमुळे, तिथली वाट जवळजवळ बुजलीय, टॉन्सिलही मोठे आहेत, दोन्ही काढायला हवेत असं त्यांचं मत पडलं.

म्हणजे दोन डॉक्टर, दोन हॉस्पिटलं आणि दोन तारखा. दोघंही आपापल्या कामात चांगले आहेत, पण एकमेकांशी बोललेले नाहीत. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला एका दिवशी दोन ठिकाणी कापायचं नाही. यजमान म्हणतात, दोनदा उपाशी ठेवणं, दोनदा सुई, दोनदा शाळा बुडणं, त्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे. मला खरी धास्ती भुलीची आहे. मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो असं वाचल्यापासून झोप उडालीय. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानजाई

मुक्ता, माझ्या लेकीचे अ‍ॅडेनॉइड काढले आणि त्याच भुलीत दोन्ही कानांच्या पडद्यांत नळ्या बसवल्या. कानात पाणी साठून तिला कमी ऐकू येत होतं. पण आमच्याकडे दोन्ही कामं एकाच डॉक्टरांची होती, त्यामुळे प्रश्नच आला नाही. तुझ्याकडे दोन वेगळे सर्जन आहेत, तिथे खरी गाठ आहे.

आप्पा सांगलीकर

मुक्ताताई, तुमच्या सासूबाईंशी मी सहमत आहे. घसा दुखणार म्हणजे मूल खाणार नाही. खाल्लं नाही तर ताकद येणार नाही. त्यात जांघेत टाके. खोकला आला की टाक्यांवर ताण. एका वेळी एकच दुखणं काढावं, शरीराला सावरू द्यावं, मग दुसरं. शिवाय दोन्हीकडे काही गुंतागुंत झाली तर ताप कशाचा हेही कळणार नाही. घाई कशासाठी?

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला असते. मूल न तपासता सल्ला देता येत नाही, तेवढं धरून वाचा.

मुक्ताताई, तुमच्या पोस्टमध्ये दोन सर्जन आहेत, सासूबाई आहेत, यजमान आहेत. भूलतज्ज्ञ कुठेच नाही. दोन्ही ऑपरेशनं एकत्र झेपतील की नाही हे ज्याने ठरवायचं तो डॉक्टर तुम्हाला अजून भेटलेलाच नाही. बऱ्याच घरांत तो ऑपरेशनच्या सकाळी पहिल्यांदा भेटतो, मूल उपाशीपोटी रडत असताना. हे बदलायला हवं असं मला फार मनापासून वाटतं. तारीख घेण्याच्या आधी त्याला भेटा.

आता एकत्र करण्याच्या बाजूने. भुलीत सगळ्यात नाजूक वेळा दोन: मूल झोपतं ती आणि जागं होतं ती. लहान मुलांचा घसा त्याच वेळी आवळतो, ऑक्सिजन त्याच वेळी खाली येतो. मधला काळ त्यामानाने स्थिर असतो. दोन तारखा घेतल्या तर या नाजूक वेळा चार होतात. एकत्र केलं तर दोनच राहतात आणि मधला काळ अर्ध्या-पाऊण तासाने वाढतो. तब्येतीने ठीक असलेल्या मुलाला तेवढी वाढ सहसा झेपते.

घोरण्याकडे मात्र नीट बघावं लागेल. झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलाचा घसा भुलीत आणखी अरुंद होतो, आणि मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामक औषधं त्याला कमी मात्रेतही जड जातात. म्हणून अशा मुलाला रात्रभर मॉनिटरवर ठेवतात. नुसता हर्निया असता तर संध्याकाळी घरी गेला असता. टॉन्सिल जोडले की रात्रीचा मुक्काम धरा, आणि हॉस्पिटलही असं हवं जिथे रात्री लहान मुलांकडे बघणारा डॉक्टर हजर असतो.

कित्येक पालक म्हणतात, हर्निया काय, छोटं ऑपरेशन, जवळच्या नर्सिंग होममध्ये उरकून टाकू, टॉन्सिलचं मोठ्या ठिकाणी बघू. हे मला अजिबात पटत नाही. ऑपरेशन छोटं असतं, भूल छोटी नसते. घोरणाऱ्या मुलाच्या हर्नियाच्या भुलीतही तीच काळजी लागते.

आप्पा, तुमची शंका रास्त आहे, पण जांघेच्या दुखण्यावर चांगला उपाय आहे. मूल झोपल्यावर त्याला कुशीवर वळवून माकडहाडाच्या वरच्या बाजूला एक इंजेक्शन देतात. कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो. जाग येते तेव्हा घसा तेवढा दुखतो. मुलांच्या या हर्नियात जाळीही बसवत नाहीत. जन्माआधीची एक पिशवी बंद व्हायची राहिलेली असते, ती बांधतात. खोकल्याने ती सहसा सुटत नाही.

क्रम साधारण असा ठेवतात: हर्निया आधी, घसा नंतर. जांघेची जागा स्वच्छ असते, घशात जंतू असतात. मध्ये हातमोजे, गाऊन, हत्यारांची ट्रॉली सगळं बदलतं.

आणि माझा स्वतःचा एक नियम आहे, तो मी मोडत नाही. दुसरा सर्जन हॉस्पिटलात हजर असल्याशिवाय मी पहिल्यासाठी भूल सुरू करत नाही. "निघालोय, ट्रॅफिकमध्ये आहे" हे चालत नाही. मूल टेबलावर भुलीत आणि आम्ही सर्जनची वाट बघतोय, असा एक मिनिटही मला नको असतो. तुम्ही हा प्रश्न आधी विचारा. विचारल्याचा कुणाला राग आला तर दुसरं हॉस्पिटल बघा.

मेंदूबद्दल वेगळं लिहिते, आत्ता ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जायचंय.

सातारकर

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. माझ्या मुलाची एक वृषणगोटी खाली उतरलेली नव्हती आणि त्याचेही अ‍ॅडेनॉइड वाढलेले. दोन्ही एकत्र करायचं ठरलं. गोटीचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. मग भूलतज्ज्ञ बाहेर आल्या आणि म्हणाल्या, छातीत घरघर सुरू झाली होती, औषधाने आटोक्यात आहे, पण मी आता घशाला हात लावू देणार नाही.

बायको हादरली होती. माझ्या मनात पहिला विचार आला की काहीतरी लपवतायत. नंतर त्यांनी शांतपणे बसवून समजावलं. घशातलं ऑपरेशन म्हणजे श्वासाच्या वाटेवरच काम, आणि ती वाट आधीच चिडलेली असताना ते रेटण्यासारखं काही नव्हतं. दीड-दोन महिन्यांनी छाती साफ झाल्यावर अ‍ॅडेनॉइड काढले. आज मुलगा ठणठणीत आहे.

सांगायचा मुद्दा, आमच्या संमतीपत्रावर आधीच लिहिलेलं होतं: दुसरी शस्त्रक्रिया भूलतज्ज्ञांच्या निर्णयानुसार पुढे ढकलली जाऊ शकते. ते वाक्य तुमच्या कागदावर आहे का बघा, नसेल तर लिहून घ्या. एकत्र करायला निघालेल्या माणसाची अर्ध्यावर थांबायचीही तयारी हवी.

भूलवाली

सातारकर, त्या डॉक्टरांनी योग्य केलं. थांबायला जास्त धैर्य लागतं, कारण बाहेर नातेवाईक असतात आणि आत दुसरा सर्जन हात धुऊन उभा असतो.

आता मेंदूबद्दल. मुक्ताताई, तुम्ही वाचलंय त्याचं मूळ बहुधा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात आहे. तो ३ वर्षांखालच्या मुलांबद्दल आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीबद्दल होता, आणि त्यात दोन गोष्टींवर बोट ठेवलं होतं: ३ तासांपेक्षा लांबलेली भूल किंवा पुन्हा पुन्हा दिलेली भूल. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलाय. शिवाय "पुन्हा पुन्हा" हा शब्द बघितलात तर तो उलट एकदाच करण्याच्याच बाजूने जातो.

दुसरा अभ्यास तर हर्नियाच्याच बाळांवर झालाय. सात देशांतली ७२२ तान्ही बाळं घेतली. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. पाचव्या वर्षी त्यांची बुद्धिमत्ता तपासली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ती भूल साधारण तासाभराची होती, हे लक्षात ठेवायचं. तुमच्या मुलाची त्याहून थोडी लांबेल, पण तो तान्हा नाही. या भीतीपोटी गरजेचं ऑपरेशन टाळू नका. रोज रात्री श्वास अडकत राहिला तर झोप मोडते, दिवसा चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, वाढ खुंटते. ते नुकसान समोर दिसतंय.

गोदाकाठची मुक्ता

डॉक्टर, खूप आधार वाटला. मी उद्याच दोन्ही सर्जनना फोन करून विचारते की दोघं एका ठिकाणी येतील का. भूलतज्ज्ञांना भेटताना काय काय सांगायचं? आणि विम्याच्या कॅशलेसचं काय होतं अशा वेळी? दोन आजार एका अ‍ॅडमिशनमध्ये दाखवता येतात का?

बिलिंग काउंटर

मी एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याच्या दाव्यांचं बघणाऱ्या काउंटरवर, काम करतो. ताई, एकाच प्री-ऑथमध्ये (विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीच्या अर्जात) दोन्ही निदानं आणि दोन्ही ऑपरेशनं लिहून जायला हवीत, दोन्हीचे रिपोर्ट जोडून. नुसता हर्निया मंजूर करून घेतला आणि टॉन्सिल नंतर वाढवले, तर डिस्चार्जच्या वेळी ती रक्कम कापली जाण्याची शक्यता फार. मग संध्याकाळी सहा वाजता मूल कंटाळलेलं आणि आईबाप काउंटरवर, हे मी नेहमी बघतो.

खोली आणि ओटीचा खर्च एकदाच लागतो. दुसऱ्या ऑपरेशनचा दर बहुतेक ठिकाणी निम्मा धरतात. आयुष्मान भारतमध्ये तर नियमच आहे: सर्वात मोठ्या पॅकेजचे १०० टक्के, दुसऱ्याचे ५०, तिसऱ्याचे २५.

पॉलिसी नवी असेल तर सांभाळा. हर्निया, हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साठणं), टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड ही बहुतेक पॉलिसींत ठराविक आजारांच्या यादीत असतात, सहसा २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो. आणखी एक बारीक गोष्ट. केसपेपरवर "जन्मजात हर्निया" एवढंच लिहिलं की विमा कंपनीकडून हमखास प्रश्न येतो. पॉलिसीत बाहेरून दिसणारे जन्मजात दोष आणि आतले जन्मजात दोष यांत फरक असतो, वगळलेले असतात ते बाहेरचे. डॉक्टरांकडून एक स्पष्टीकरणाचं पत्र आधीच घेऊन ठेवा, दोन दिवस वाचतात.

भूलवाली

मुक्ताताई, भेटीत हे सांगा. दमा, बाळदमा, नेब्युलायझर कधी लागला असेल तर. खरचटलं की रक्त लवकर थांबत नाही असं असेल तर, टॉन्सिलसाठी ते फार महत्त्वाचं. चालू औषधं, आयुर्वेदिक-होमिओपॅथीसकट. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तोही. कुणाला भुलीत प्रचंड ताप चढला होता का, ऑपरेशननंतर श्वास परत यायला तासन्‌तास लागले होते का, हे आजी-आजोबांना विचारून या. आर्य वैश्य कुटुंबांत स्नायू सैल करणारं एक विशिष्ट औषध लवकर न उतरण्याचा आनुवंशिक प्रकार जास्त आढळतो. आधी कळलं तर आम्ही ते औषध टाळतो, बास.

आणि हलणारा दुधाचा दात! या वयात असतोच. नळी घालताना तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. मी प्रत्येक मुलाला आधी हसायला लावते.

उपास: जेवण, बिस्किट, दूध यापैकी काहीही सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि ते द्यावं. रात्रीपासून पाण्याविना ठेवू नका. पण दूध म्हणजे पाणी नव्हे. "घोटभर दूधच पाजलं हो" असं आजी सांगतात आणि आम्हाला ऑपरेशन पुढे न्यावं लागतं.

सर्दीचं: अ‍ॅडेनॉइडच्या मुलाचं नाक वाहतंच. नेहमीचं पातळ शेंबूड चालतो. ताप, ओला खोकला, हिरवा शेंबूड, जेवण तुटणं असं काही असेल तर लपवू नका. निदान दोन आठवडे थांबावं लागेल.

सातपुडा

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात काम करते. अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन ० ते १८ वयाची मुलं तपासायची, ऑपरेशन लागणारी पुढे पाठवायची, उपचार मोफत. २०१३ पासून हे चालू आहे. पैशांची अडचण असलेल्या वाचकांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात या पथकाची चौकशी जरूर करावी.

तुमची चर्चा वाचून एक गोष्ट लिहाविशी वाटली. आमच्या पाड्यांवरची मुलं जिल्हा रुग्णालयात येतात तेव्हा आई-बापाची मजुरी बुडते, घरी धाकटं भावंडं शेजारणीकडे ठेवलेलं असतं, परतीची गाडी ठरलेली असते. दोन ऑपरेशनांसाठी दोन तारखा दिल्या तर दुसऱ्या तारखेला बरीच मुलं येतच नाहीत. मुंबई-पुण्याहून बालशल्यविशारद शिबिराला येतात, ते पुन्हा कधी येतील याचीही खात्री नसते. हर्निया आणि जिभेखालचा ताणलेला पडदा, किंवा हर्निया आणि शिश्नाची घट्ट कातडी, ही जोडी एकाच भुलीत झाली तर त्या मुलाचं दुसरं काम होतं, नाहीतर राहूनच जातं. म्हणून भूलतज्ज्ञ हो म्हणत असतील तिथे आम्ही दोन्हीचा आग्रह धरतो.

आप्पा सांगलीकर

सातपुडाताई, ही बाजू माझ्या ध्यानात नव्हती आली. मुक्ताताई, एक मात्र विचारून घ्या, टॉन्सिलमधून रात्री रक्त आलं तर तिथे रात्रीची ओटी उघडते का आणि रक्तपेढी किती लांब आहे.

गोदाकाठची मुक्ता

मंडळी, झालं एकदाचं. दोन्ही काम एकत्रच झालं.

घशाच्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या सर्जनच्या हॉस्पिटलात यायची तयारी दाखवली, कारण तिथे रात्री लहान मुलांचे डॉक्टर असतात. दोघांचं फोनवर बोलणं झालं. भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधी भेटलो. त्यांनी खरंच आधी हसायला लावलं आणि खालचा एक दात बोटाने हलवून बघितला! तो भूल दिल्यावर त्यांनीच काढला आणि डबीत घालून दिला. दुसरा सर्जन हजर असेल का, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हे विचारणारे पालक मला आवडतात."

मला हातात मास्क धरेपर्यंत आत थांबू दिलं. जाग येताना मात्र माझा जीव वर-खाली झाला. डोळे उघडे, पण तो मला ओळखत नव्हता, लाथा झाडत होता, सलाईनचा हात ओढत होता. नर्सने सांगितलं की वासाच्या भुलीनंतर काही मुलांचं असं होतं, बोलत राहा, हलवू नका. थोड्या वेळात पुन्हा झोपला आणि दुसऱ्यांदा उठला तो "पाणी" म्हणतच. जांघेबद्दल संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही. घसा मात्र आठवडाभर दुखला. घशात पांढरा थर आला, तोंडाला वास यायचा, आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. गार दूध, मऊ भात, आइस्क्रीम आणि वेळच्या वेळी पॅरासिटामॉल.

त्या रात्री सासूबाईच उशाशी बसल्या. घोरण्याचा आवाज नाही म्हणून त्या सारख्या त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होत्या.

भूलवाली

छान! पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तो पांढरा थर सुटतो, तेव्हा रक्त येऊ शकतं. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं किंवा मूल सारखं गिळताना दिसलं तर फोन न करता थेट हॉस्पिटल गाठायचं. तोवर गावाला नेऊ नका.

वऱ्हाडकर

इथेच विचारतो. आईचं वय ५८, डायबेटिस आहे. पित्ताशयात खडे आणि बेंबीला हर्निया. सर्जन म्हणतात दुर्बिणीतून दोन्ही एकदम करू, जाळी बसवू. दुसरे म्हणतात जाळी आत्ता नको. कुणाचं ऐकायचं?

भूलवाली

वऱ्हाडकर, भुलीपुरतं बोलायचं तर हे जोडकाम नेहमीचं आहे. पित्ताशयासाठी दुर्बीण बहुधा बेंबीजवळूनच आत जाते, त्यामुळे ती जागा नाहीतरी शिवावी लागतेच. वाद जाळीचा आहे आणि तो खरा आहे. पित्ताशय काढताना पित्त किंवा खडे पोटात सांडू शकतात. ते पित्त जंतूंनी भरलेलं असलं आणि जाळीला लागण झाली, तर पुढे जाळीच काढायची वेळ येऊ शकते. भोक लहान असेल, सेंटिमीटरभराच्या आतलं, तर नुसत्या टाक्यांनी भागू शकतं. मोठं असेल तर जाळीशिवाय हर्निया परत यायची शक्यता वाढते. पित्ताशय सुजलेलं नसेल आणि काही सांडलं नाही तर काही सर्जन त्याच वेळी जाळी बसवतात, काही थांबतात. दोन्ही मतं जबाबदार सर्जनची असू शकतात.

म्हणून दोघांनाही एकच प्रश्न विचारा: "आत गेल्यावर पित्त सांडलं तर जाळीचं काय करणार?" त्याचं स्पष्ट उत्तर ज्याच्याकडे तयार असेल, त्याच्याकडे मी माझ्या आईला नेईन. दोन्ही शक्यता संमतीपत्रावर लिहून घ्या. पित्ताशयाच्या सुजेचा ताजा सोनोग्राफी रिपोर्ट आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी सोबत न्या. साखर फार वर असेल आणि खडे सध्या शांत असतील, तर आधी ती खाली आणू द्या, मग तारीख घ्या. मधल्या काळात ताप, कावीळ किंवा उजव्या बरगडीखाली न थांबणारं दुखणं सुरू झालं तर मात्र थांबायचं नाही. तेव्हा पित्ताशयाचं आधी बघायचं आणि हर्नियाच्या जाळीचा विषय बाजूला ठेवायचा.